अंतराळवीरांच्या सह्या जमवताय? या चुका टाळा

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला एकच फोटो येतो. पांढऱ्या स्पेससूटमधला नील आर्मस्ट्राँग, मागे चंद्र आणि पुढे निळ्या शाईतली सही. सोबत प्रश्न: “दादा, खरी आहे का? आज रात्रीपर्यंत पैसे भरायचेत.” मी प्रत्येकाला सांगतो की आज पैसे भरू नका. थांबायची तयारी नसलेल्या माणसाला या छंदात सगळ्यात आधी गाठतं ते ऑटोपेन.

ऑटोपेन म्हणजे सही करणारं यंत्र. साठच्या दशकात नासाकडे पत्रांचा इतका ढीग पडायचा की अंतराळवीरांना हाताने सह्या करणं शक्यच नव्हतं. मग मूळ सहीचा साचा यंत्रात बसवायचा आणि यंत्राचा हात खरंखुरं पेन कागदावर फिरवायचा. शाई खरी, कागद त्या काळातला, पाकीट नासाचं. म्हणून नुसतं भिंग लावून “शाई छापील नाही, म्हणजे सही अस्सल” असं म्हणणारा हमखास फसतो.

मीही फसलो. पंधराएक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मी आर्मस्ट्राँगचा असा फोटो घेतला. तीन महिन्यांचा पगार त्यात गेला. सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र सोबत होतं. पुढे एका जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दुसऱ्याच फोटोवरची आर्मस्ट्राँगची सही पाहिली आणि पोटात गोळा आला. ती बटर पेपरवर त्याच मापात उतरवली, माझ्या फोटोवर ठेवली आणि खिडकीच्या काचेला लावली. प्रत्येक वळण, प्रत्येक टोक जुळलं. माणसाचा हात दोनदा हुबेहूब तीच सही करत नाही. विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचं कळवलं आणि विषय तिथेच मिटला.

तेव्हापासून कोणतीही सही घेण्याआधी मी ती ओळखीच्या ऑटोपेन साच्यांवर ठेवून बघतो. आर्मस्ट्राँगचे असे अनेक साचे संग्राहकांना माहीत आहेत. रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल, पेन टेकतं आणि उचललं जातं तिथे शाईचा ठिपका असेल, लांब रेघेत बारीक थरथर असेल, तर मी पुढे जातच नाही. आर्मस्ट्राँगने 1994 मध्ये सह्या देणं बंद केलं. त्यामुळे “2005 साली पत्र लिहून मागवली” अशी गोष्ट कोणी सांगितली, तर ती तिथेच सोडून द्या.

नवख्यांचा आणखी एक हट्ट मला समजत नाही. त्यांना दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलेला फोटो नको असतो, नुसती सही हवी असते. नुसती सही महाग मिळते आणि बनावट करणाऱ्याचं लक्षही तिच्यावरच असतं. “अमक्याला शुभेच्छा” असा हाताने लिहिलेला मजकूर असेल, तर तपासायला अक्षरं जास्त मिळतात. मात्र मजकूर आणि सही एकाच हाताची आहे ना, ते बघा. कधी मजकूर सेक्रेटरी लिहायची आणि सही यंत्र करायचं.

विक्रेत्याने स्वतःच दिलेलं प्रमाणपत्र मी मोजत नाही.

“आजोबांना मुंबईत मिळाली” ही गोष्ट आपल्याकडे फार चालते, कारण ती घडू शकली असती. अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन 1961 च्या अखेरीस भारतात आला होता, चंद्रावर पहिल्यांदा माणूस उतरवणाऱ्या अपोलो 11 चे तिघे ऑक्टोबर 1969 मध्ये मुंबईत आले होते. पण अंतराळवीर शहरात आला एवढ्याने सही खरी ठरत नाही. मी आमंत्रणपत्रिका, त्या दिवसाचा फोटो, घरातलं जुनं पत्र, असं काहीतरी मागतो. गागारिनच्या बाबतीत तर दुप्पट सावध असतो, बाजारात त्याच्या खोट्या सह्यांचा सुळसुळाट आहे.

“अंतराळात जाऊन आलेली वस्तू” हे शब्द वाचून घाई करू नका. 1971 मध्ये अपोलो 15 च्या स्कॉट, वर्डन आणि आयर्विन यांनी परवानगी नसलेली सुमारे 400 टपाल पाकिटं चंद्रापर्यंत नेली आणि त्या प्रकरणानंतर तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही. जाऊन आलेलं पाकीट आणि कपाटातच राहिलेलं पाकीट यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कागदपत्रांतच दिसतो. अपोलोने आणलेला चंद्राचा दगड कोणी विकत असेल, तर बोलणं तिथेच थांबवा. अपोलो मोहिमांनी आणलेली ती 382 किलो दगडमाती जवळपास सगळी अमेरिकी सरकारच्या मालकीची आहे. चंद्राचा तुकडाच हवा असेल, तर चांद्र उल्का कायदेशीरपणे विकत मिळतात.

आता जपणुकीबद्दल. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाकडे 3 एप्रिल 1984 चं फर्स्ट डे कव्हर, म्हणजे नवं तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं टपाल पाकीट, होतं. राकेश शर्मा ज्या दिवशी सोयुझ टी-11 या सोव्हिएत यानातून निघाले, त्याच दिवशीचं. त्यावर शर्मा आणि त्यांच्यासोबत गेलेले मालिशेव आणि स्त्रेकालोव या तिघांच्या सह्या. पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून त्याने मोठ्या प्रेमाने ते लॅमिनेट करून आणलं. उष्णतेने एक सही पसरली आणि प्लास्टिक काढायला गेलं की कागद सोलून निघतो. मालिशेव 1999 मध्ये गेले, स्त्रेकालोव 2004 मध्ये. तिघांच्या सह्यांचं तसं कव्हर आता नव्याने होणार नाही. ते हातात धरलं तेव्हा मला बोलवेना.

कृपा करून काहीही लॅमिनेट करू नका. सेलोटेप नको, रबरबँड नको, बाजारातले वास मारणारे पीव्हीसीचे कव्हरही नकोत. मी पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट वापरतो, मागे आम्लरहित पुठ्ठा ठेवतो आणि बाहेरच्या भिंतीला न चिकटलेल्या कपाटात मधल्या कप्प्यात सगळं ठेवतो. जून ते ऑक्टोबर सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलतो आणि तेव्हाच कसर लागली आहे का तेही बघतो. भिंतीवर लावायची रंगीत झेरॉक्स असते. स्केचपेनने केलेली सही उन्हात लवकर फिकी पडते, म्हणून मूळ प्रत अंधारातच.

बिलं, पत्रव्यवहार आणि पाकिटावरचा टपालशिक्का हे सगळं वस्तूबरोबरच ठेवा. माझा तो आर्मस्ट्राँग अजून कपाटात आहे. त्याच्या पाकिटात एक चिठ्ठी घातली आहे: “ऑटोपेन. खरी म्हणून विकू नये.” उद्या मुलांनी कपाट उघडलं, तर त्यांना ते आधी कळायला हवं.