ड्रायव्हरचं घड्याळ गाडी सुटल्यावर सुरू होत नाही

ड्रायव्हरने किती तास गाडी चालवली हे ट्रकमालक मोजतात. मोजायला हवं ते तो किती तास जागा आहे. कांद्याच्या हंगामातली सोलापूर मार्केट यार्डातली फेरी घ्या. ड्रायव्हर सकाळी ६ ला उठला. लिलाव, तोलाई, गोण्या भरणं, ताडपत्री, वजनकाटा, बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) यात रात्रीचे ९ वाजले. ताशी ४०-४५ ची सरासरी धरली तर हैदराबादच्या वाटेवर ११ ला तो उमरग्याच्या आसपास असतो, आणि जागून १७ तास झालेले असतात. इतक्या जागरणानंतर हातपाय रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे मंदावतात. कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. झहीराबाद येतं पहाटे २ च्या सुमाराला. २ ते ५ या वेळात ताज्या माणसालाही झोप अनावर होते, हा तर २० तास जागा.

म्हणून बिल्टीच्या मागे तीन गोष्टी लिहा: कधी उठला, आदल्या २४ तासांत किती झोपला, गाडी कधी सुटतेय. उठल्याच्या वेळेत १६ तास मिळवा. तेवढ्यात गाडी पोचत नसेल तर मुक्काम कुठे करायचा ते सुटण्याआधीच ठरवा. झोप ६ तासांहून कमी झाली असेल तर रात्री गाडी काढूच नका. त्याला झोपू द्या आणि पहाटे ५ ला सोडा. जड गाड्यांच्या शहरात शिरायच्या ठरलेल्या वेळा आड येतात हे खरं, पण ते व्यापाऱ्याशी आधी बोलून सुटतं. सगळ्यात स्वस्त उपाय यार्डातच आहे: गोण्या मोजायला क्लीनर किंवा मुनीम उभा करा आणि ड्रायव्हरला भरणीच्या वेळी झोपायला पाठवा.

वाटेत थांबे आधीच बांधा. सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातली (तो २०२५ मध्ये रद्द झाला) चौकट होती. रात्री मात्र दोन-अडीच तासांच्या पुढे ताणू नका. झापड आलीच तर उजेडातल्या पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात गाडी घ्या, रस्त्याच्या कडेला नको. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा (चालू इंजिनाचा धूर केबिनमध्ये शिरून माणूस झोपेतच जातो), काच चार बोटं खाली ठेवा. आधी कडक चहा किंवा कॉफी प्या, मग २० मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. चहा-कॉफीची तरतरी यायला तेवढाच वेळ लागतो. जाग आल्यावर लगेच स्टिअरिंग धरू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, टायर ठोकून बघा. डिझेल चोरीच्या धास्तीने झोप लागत नाही ही तक्रार खरी आहे, तेव्हा टाकीला चांगलं कुलूप मालकाने लावून द्यावं.

काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखूचा मावा चघळणं याने पाच-दहा मिनिटं निभतात, झोप टळत नाही. मागचा टोलनाका कधी गेला ते आठवत नसेल, किंवा चाक पांढऱ्या पट्टीवर जाऊन परत येत असेल, तर डुलक्या आधीच लागून गेल्यात. ताशी ६० वर ४ सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे ६७ मीटर गाडी आंधळी. साखर हंगामात तेवढ्या अंतरात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असू शकते.

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याच्या केबिनमधली दुपारची झोप हिशेबात धरू नका. रात्रीची फेरी असेल तर कूलरची खोली द्या, तिचं भाडं फेरीच्या खर्चात टाका. दुपारी १ ते ३ हीसुद्धा पेंगेची वेळ; जेवण हलकं आणि पाणी भरपूर.

दोन ड्रायव्हर असले तरी धावत्या गाडीतली झोप कच्चीच असते. चार तासांनी बदला, आणि लायसन्स नसलेल्या क्लीनरला बदली समजू नका. पहाटे ३ ला ‘कुठवर आलास?’ म्हणून फोन करू नका. थांबलेला ड्रायव्हर त्या फोननंतर निघतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन गाडी नको. आणि पुरेसं झोपूनही जो दिवसा पेंगतो, मोठ्याने घोरतो, घोरता घोरता ज्याचा श्वास अडकतो, त्याला जास्त सुट्टी देऊन फरक पडणार नाही; त्याला छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.