मोटर शेवटी निवडा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फेब्रुवारी उजाडला की डिप्लोमा आणि बी.ई.ची पोरं प्रोजेक्ट घेऊन यायला लागतात. प्रश्न ठरलेला असतो: "सर, एकदम अचूक फिरवायचंय. सर्वो घेऊ की स्टेपर?" (सर्वो सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबते, स्टेपर ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपने, फिरते.) मी उलट विचारतो, फिरवायचंय काय? किती चुकलं तर चालेल? यावर बहुतेक वेळा शांतता. "अचूक" म्हणजे काय, ते आकड्यात सांगता येत नसेल तर मोटरचं दुकान गाठण्यात अर्थ नाही.

सांगलीत प्रोजेक्ट म्हटलं की हळद येतेच, म्हणून तेच उदाहरण घेतो. एका चकतीवर हळद पावडरीच्या आठ वाट्या आहेत. चकती फिरते, प्रत्येक वाटी कलर सेन्सरखाली थांबते, रीडिंग होतं, पुढची वाटी येते. वाट्या केंद्रापासून १२० मिलिमीटरवर आहेत. वाटी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर सेन्सरला फरक पडत नाही, असं आपण ठरवलं. १२० मिलिमीटर त्रिज्येवर एक मिलिमीटर म्हणजे साधारण अर्धा अंश. झालं, "अचूक"चा अर्थ लागला: अर्धा अंश.

आता उमेदवार बघू. निळी छोटी एसजी-९० सर्वो स्वस्त आहे, पण ती फिरते जेमतेम १८० अंश. आपल्याला पूर्ण गोल फिरायचंय, ती बाद. हात हलवायला, झडप उघडायला ती ठीक.

दुसरी, पोरांची लाडकी २८बीवायजे-४८. पाच व्होल्टची, गिअरवाली स्टेपर. कागदावर गिअर ६४ ला १, म्हणून सगळीकडच्या प्रोग्रॅममध्ये एका फेऱ्याला २०४८ स्टेप लिहिलेल्या सापडतात. गिअरचे दात मोजून हिशोब केला तर गुणोत्तर ६३.६८ निघतं, म्हणजे खऱ्या स्टेप सुमारे २०३८. दहा स्टेपचा फरक म्हणजे एका फेऱ्याला जवळपास पावणेदोन अंश. मागे-पुढे हलणाऱ्या खेळण्यात हे कळत नाही. एकाच दिशेने फिरणाऱ्या चकतीत मात्र दहा फेऱ्यांत वाटी सेन्सरच्या बाहेर गेलेली असते. शिवाय गिअरमधला ढिलेपणा आहेच, चकती हाताने धरून हलवा, लगेच जाणवेल.

तिसरी नेमा १७ स्टेपर. हे मोटरच्या तोंडाचं माप आहे (१.७ इंच), ताकदीचं नव्हे. त्यामुळे "नेमा १७ द्या" म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ती देतो. डेटाशीट मागा. सर्वसाधारण मोटर १.८ अंशाची, फेऱ्याला २०० स्टेप. ४० मिलिमीटर लांबीची असेल तर होल्डिंग टॉर्क (थांबलेली असताना धरून ठेवायचा पिळाचा जोर) ०.४ न्यूटन-मीटरच्या आसपास. स्टेपमधली चूक पाच टक्के, म्हणजे ०.०९ अंश, आणि ती साठत जात नाही. हाच स्टेपरचा खरा गुण.

इथपर्यंत सगळे येतात आणि म्हणतात, "मग मायक्रोस्टेपिंग लावू, ३२०० स्टेप मिळतील." मिळतील, कागदावर. मायक्रोस्टेपिंग म्हणजे एका स्टेपचे बारीक भाग पाडणं; सोळा भागांतल्या एका मायक्रोस्टेपमागे होल्डिंग टॉर्कच्या जेमतेम दहा टक्के जोर असतो. बेअरिंग जरा घट्ट असलं की पहिल्या एक-दोन मायक्रोस्टेपला चकती हलतच नाही. मायक्रोस्टेपिंग वापरा, पण मोटर गुळगुळीत आणि कमी आवाजात चालावी म्हणून.

खरी गंमत टॉर्कच्या हिशोबात आहे. २८० मिलिमीटर व्यासाची, चार मिलिमीटर जाड ॲक्रिलिकची चकती आणि चाळीस ग्रॅमच्या आठ वाट्या धरल्या तर जडत्व येतं ०.००७५ किलो-मीटर वर्ग. एका सेकंदात ४५ अंश फिरवायला लागतात फक्त ०.०२४ न्यूटन-मीटर. मोटरकडे ०.४ आहेत. पोरं खूश! पण मोटरच्या स्वतःच्या रोटरचं (आतल्या फिरत्या भागाचं) जडत्व बघा: साधारण ५४ ग्रॅम-सेंमी वर्ग. चकतीचं त्याच मापात ७५,०००, म्हणजे चौदाशे पट. अशी चकती थेट शाफ्टवर बसवली तर ती थांबताना झोपाळ्यासारखी डुलते, सेकंदाला सात-आठ हेलकावे, आणि सेन्सर नेमका त्याच वेळी रीडिंग घेतो. मग "सेन्सर खराब आहे" म्हणून दुसरा सेन्सर मागवला जातो.

उपाय महाग नाही. वीस आणि साठ दातांच्या पुली आणि जीटी-२ पट्टा, म्हणजे तीनास एक: मोटरचे तीन फेरे, चकतीचा एक. मोटरला जाणवणारं जडत्व नऊ पटीने घटतं, कोनातली चूक तिसऱ्या हिश्श्यावर येते. वेग एकदम न तोडता उतरता ठेवा आणि थांबल्यावर अर्धा सेकंद थांबून मगच रीडिंग घ्या. आणखी एक फायदा फार कमी जणांच्या लक्षात येतो. उद्या आठाऐवजी बारा वाट्या कराव्याशा वाटल्या तर २०० स्टेपला बाराने भाग जात नाही, मायक्रोस्टेपिंगच्या ३२०० लाही जात नाही. तीनास एक केलं की फेऱ्याला ६०० पूर्ण स्टेप: आठ वाट्यांना ७५-७५, बारांना ५०-५०. प्रत्येक वाटी पूर्ण स्टेपवर थांबते, म्हणजे जिथे मोटरची पकड सगळ्यात पक्की तिथेच.

एन्कोडरवाली (किती फिरलं ते मोजणारा सेन्सर असलेली) डीसी गिअर मोटर कधी घ्यायची? भार बदलता असेल, धक्के बसत असतील, तेव्हा. मात्र एन्कोडर मोटरच्या मागे असेल तर गिअरचा ढिलेपणा त्याला दिसतच नाही. चकतीच्या शाफ्टवर एएस५६०० सारखी चुंबकीय चिप लावता येते. ती फेऱ्याचे ४०९६ भाग करते खरी, पण चुंबक मध्यावर नीट बसला नाही तर अर्ध्या अंशाचं आपलं गणित तिथेच कोसळतं.

चकतीचं वजन मोटरच्या शाफ्टवर टाकू नका. दोन ६०८ बेअरिंग घ्या, वेगळा शाफ्ट लेथवर करून घ्या. पुलीला शाफ्टवर धरणारा छोटा ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळा. चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) जातो. मोटर हाताला चटका लागेल इतकी तापली म्हणजे बिघडली असं नाही, पण थांबलेली असताना करंट निम्मा करून बघा, बहुतेक वेळा तेवढा पुरतो.

आमच्याकडे नोकरीला येणाऱ्यांना मी प्रोजेक्टच्या रिपोर्टमधली मोटर दाखवून एवढंच विचारतो, "हीच का?" "मित्राकडे होती" हे उत्तरही मला चालतं, जर पुढे तिचा हिशोब करून दाखवता आला तर.

स्टेपरला चालू होताना आपण कुठे आहोत हे माहीत नसतं, त्यामुळे शून्याची जागा दाखवायला सेन्सर लागतोच. तो चकतीच्या शाफ्टवर लावा. मोटरवर लावलात तर चकतीच्या एका फेऱ्यात तो तीनदा "शून्य" म्हणेल. आणि हळदीच्या यंत्रात प्रकाशाचा, खाचेतला सेन्सर टाळा. पिवळी पूड त्या खाचेत बसते आणि शून्य सरकायला लागतं. चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर आणि छोटा चुंबक लावा.