सिझर लिफ्ट ठेवताना आणि नेताना या चुका टाळा

चाकणच्या एका यार्डात मी सिझर लिफ्टची, म्हणजे कात्रीसारखे दांडे उघडून माणसांना उंचावर नेणाऱ्या प्लॅटफॉर्मची देखभाल करतो. मशीन वर गेलं की सगळे सावध असतात. हेल्मेट, पट्टा, खाली लक्ष ठेवायला एक माणूस. तेच मशीन खाली आलं आणि किल्ली निघाली की मग त्याला कोणी वाली नसतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे निम्मे बिघाड त्या वेळात सुरू झालेले असतात, यार्डात उभं असताना नाहीतर ट्रकवरून जाताना.

ब्रेक मोकळा ठेवणं

आधी हेच सांगतो, कारण इथे माणूस चिरडू शकतो. सिझर लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगवर लागलेला असतो. मशीन चालवताना तो सुटतो, थांबलं की आपोआप लागतो. पण बॅटरी उतरलेलं मशीन विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या चरखीने, ट्रकवर ओढायचं तर ब्रेक हाताने सोडावा लागतो. आमच्याकडच्या मशीनांवर त्यासाठी मागच्या बाजूला एक गुंडी आणि छोटा हातपंप आहे. गुंडी आत दाबायची आणि पंप कडक होईपर्यंत मारायचा. त्यानंतर ते अडीच टनांचं धूड नुसतं चाकांवर उभं असतं.

एकदा साइटवर आमचं मशीन उतरवत होते. चढवताना सोडलेला ब्रेक पुन्हा लावायचा राहून गेला होता, आणि ट्रक जरासा उतारावर उभा होता. शेवटचा बेल्ट सैल झाला तसं मशीन आवाज न करता मागे सरकलं. वीतभर गेलं आणि रॅम्पच्या ओठाला अडकलं. त्याच रॅम्पवर क्लीनर वाकून पिन काढत होता. त्याला काही झालं नाही, पण त्याचा पांढरा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे. ब्रेक सोडण्याआधी चाकांना पाचर लावायची आणि विंचचा दोर ताणलेला ठेवायचा. मशीन जागेवर आलं की आधी ब्रेक पूर्ववत करायचा, दोर त्यानंतरच ढिला करायचा. गुंडी कुठे आहे आणि ब्रेक पुन्हा कसा लावायचा हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. त्यामुळे मशीनचं मॅन्युअल ऑफिसच्या कपाटात नको, मशीनवरच्या डब्यात हवं. उतरवतानाही बेल्टला हात लावण्याआधी ब्रेक पाहायचा. मशीनच्या उताराकडच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, घाई कितीही असो.

रेलिंगला बेल्ट बांधणं

बेल्ट रेलिंगवरून टाकून खाली रॅचेटने आवळायचा, हे रोज पाहतो. रेलिंग माणसाला अडवण्यासाठी असतं, मशीन धरून ठेवण्यासाठी नव्हे. असं आवळलं की पाइप वाकतो, सरकणारा डेक (प्लॅटफॉर्मचा बाहेर निघणारा भाग) अडकतो, आणि कात्रीच्या पिनांवर नको तो ताण येतो. बांधायच्या जागा चेसिसवर चारही कोपऱ्यांत असतात आणि तिथे स्टिकर असतं. ते स्टिकर ग्रीसने माखलं असेल तर पुसा.

मालबांधणीचा युरोपीय हिशेब असा आहे की पुढच्या बाजूला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर सोसेल इतकी बांधणी हवी. म्हणजे जोरात ब्रेक मारला तर अडीच टनांचं मशीन दोन टनांच्या जोराने केबिनकडे ओढ घेतं. एका जुन्या, कडा विरलेल्या बेल्टचं ते काम नाही. शिवाय पहिल्या २०-२५ किलोमीटरांत बेल्ट सैल पडतात, म्हणून गाडी थांबवून ते पुन्हा आवळावे लागतात. कोल्हापूरकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला मी खंबाटकीच्या आधी आणखी एकदा उतरून पाहायला सांगतो.

निघण्याआधी डेक आत सरकवून त्याची पिन लावा, किल्ली काढा, मशीन बंद करणारं लाल बटण दाबा आणि बॅटरीचा प्लग ओढून ठेवा. वरचा कंट्रोल बॉक्स तारेवर लोंबकळत राहिला तर घाटात आपटून फुटतो. बूम लिफ्ट (लांब हाताची लिफ्ट) असेल तर टर्नटेबलची, म्हणजे बूम ज्यावर फिरतो त्या तबकडीची पिन लावायला विसरू नका, नाहीतर वळणावर बूम फिरेल.

बॅटरी अर्धी ठेवून सुट्टीवर जाणं

दिवाळीनंतर आमचा फोन वाजत राहतो: मशीन चार्जच होत नाही. बहुतेक इलेक्ट्रिक सिझरमध्ये ६ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, मिळून २४ व्होल्ट. अर्ध्या चार्जवर आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, आणि जुना झाला की तो सुटत नाही. सुट्टीआधी पूर्ण चार्ज करा, प्लग काढा. मशीन जास्त दिवस उभं राहणार असेल तर मधूनमधून मीटर लावा. २४.७ व्होल्टच्या खाली गेलं की पुन्हा चार्जिंग.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं आणि ट्रे खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच घाला. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा बंद शेडमध्ये ताडपत्री ओढून चार्ज करू नका. बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेंशनही नको. व्होल्टेज पडतं आणि चार्जरवर बिघाड दिसतो, मग लोक चांगला चार्जर बदलून बसतात.

पावसाळा

प्लॅटफॉर्म पूर्ण खाली, म्हणजे सिलिंडरचा दांडा आत सुरक्षित राहतो. बाहेर राहिलेला दांडा गंजतो, गंज सील कापतो आणि तेल गळू लागतं. जमीन सपाट आणि टणक असावी. जूनमध्ये मुरमावर उभं केलेलं मशीन सप्टेंबरमध्ये क्रेनने काढावं लागल्याचं मी पाहिलं आहे. उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळे बाहेर काढल्यावर आधी झाकणं उघडून वायरींचा जुडगा (हार्नेस) पाहा.

उतरवलं, पण हलतच नाही

मला फोन करण्याआधी पाच गोष्टी पाहा. बॅटरीचा प्लग बसवला का? लाल बटणं दोन असतात, एक खाली आणि एक वर. दोन्ही ओढली का? किल्ली खालच्या कंट्रोलवर आहे की वरच्या? चार्जरची पिन बोर्डात राहिली आहे का? कंट्रोल बॉक्सचा कनेक्टर प्रवासात सैल झाला आहे का? मशीन चालतं पण वर जात नसेल तर ते सपाट जागी आहे का आणि चाकांमधल्या खड्डा-पट्ट्या (चाक खड्ड्यात गेलं तर मशीन कलंडू न देणाऱ्या) नीट खाली येतात का ते बघा. त्यात अडकलेला दगड किंवा चिखल हेच पुष्कळदा कारण असतं. पट्ट्यांपाशी हात घालण्याआधी किल्ली काढून खिशात ठेवा. आणि वर उचललेल्या प्लॅटफॉर्मखाली डोकं घालायची वेळ आली तर सेफ्टी आर्म, म्हणजे कात्री मिटू न देणारा टेकू, लावल्याशिवाय घालू नका.