अचानक आलेल्या खर्चात मदत कुठे आणि कशी मागावी: महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी

घरात कुणी अचानक आजारी पडलं किंवा अपघात झाला, की पहिली धाव सोनाराकडे किंवा व्याजाने पैसे देणाऱ्याकडे असते. मदतीच्या सरकारी योजनेचं नाव कानावर पडतं ते डिस्चार्जच्या दिवशी, शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाकडून. तोवर वेळ गेलेली असते. दवाखान्याच्या बहुतेक योजना तुम्ही भरलेले पैसे परत देत नाहीत. त्या थेट दवाखान्याला पैसे देतात आणि तेही उपचार चालू असताना अर्ज गेला असेल तरच. म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचं, ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी.

आधी कागद

संकट यायच्या आधीच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. सेतू केंद्रात, महा-ई-सेवा केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज होतो. आधार, रेशनकार्ड, फोटो, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल लागतो. मुलांच्या शाळेसाठी काढलेला दाखला घरात असेल तर त्याची मुदत तपासा.

रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का, हेही बघा. नवी सून आणि लहान बाळ यांची नावं हमखास राहून गेलेली असतात आणि नेमकी बाळंतपणात अडचण येते. आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुकावर नाव एकसारखं हवं. ‘सुमन’ आणि ‘सुमनबाई’ एवढ्या फरकावरही अर्ज परत येतो.

दवाखान्यात कोणत्या क्रमाने जायचं

रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा; ती मोफत असते. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात होणाऱ्या उपचारासाठी खासगीत कर्ज काढून जाऊ नका.

मोठी शस्त्रक्रिया असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. ती आता आयुष्मान भारतसोबत राबवली जाते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. पिवळं, केशरी आणि आता पांढरं रेशनकार्डही त्यात चालतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं, बहुधा प्रवेशद्वाराजवळ किंवा केसपेपरच्या खिडकीशेजारी. बिलिंग काउंटरवर जाण्याआधी तिथे जा आणि सरळ विचारा: “दादा, आमचा पेशंट योजनेत बसतो का? हा आजार यादीत आहे का?” दवाखाना योजनेत असला तरी प्रत्येक आजार यादीत असतोच असं नाही, म्हणून दोन्ही प्रश्न विचारायचे. रात्री-अपरात्री आणलेला गंभीर रुग्ण फोनवरून कळवून दाखल करून घेता येतो, कागद नंतर देता येतात. कोणता दवाखाना योजनेत आहे ते १५५३८८ वर कळतं. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल आणि हृदयाला छिद्र वगैरे जन्मजात दोष असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शस्त्रक्रिया होऊ शकते. अंगणवाडी ताई किंवा आशाताई त्या कार्यक्रमाच्या पथकाशी गाठ घालून देतात.

योजनेत बसलं नाही, तर धर्मादाय रुग्णालय. हा मार्ग लोकांना सगळ्यात कमी माहीत आहे आणि तो खरोखर मोठा आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्था चालवत असलेल्या अनेक मोठ्या, चकचकीत रुग्णालयांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि २००६ ची मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना बंधनकारक आहे. एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. या खर्चासाठी रुग्णालयाने आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून प्राथमिक उपचार द्यायचे असतात.

इथे काउंटरवर वाद घालू नका. वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड द्या आणि लेखी अर्ज करा: “आमचा रुग्ण निर्धन गटात घ्यावा.” अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. “खाटा भरल्या आहेत” असं उत्तर आलं, तर तेही लिहून मागा. बहुतेकदा लिहून द्यायची वेळ आली की पुन्हा एकदा खाटांची यादी तपासली जाते. तरीही नकार आला तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्या प्रतीसह तक्रार करा.

एवढं करूनही पैसे कमी पडले, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११. रुग्ण दाखल असतानाच अर्ज जायला हवा. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि आजाराचे रिपोर्ट लागतात. खासगी दवाखान्याचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. इथेच लोकांचा दिवस जातो, म्हणून एका माणसाला फक्त या कामावर ठेवा. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थाही वैद्यकीय मदत देतात. त्यांनाही अंदाजपत्रकाची मूळ प्रत लागते, तेव्हा दवाखान्याकडून सुरुवातीलाच दोन-तीन मूळ प्रती मागून घ्या.

घरातला कमावता माणूस गेला तर

दुःखात कागद सुचत नाहीत, म्हणून हे काम चुलत्याने, मेव्हण्याने किंवा शेजाऱ्याने अंगावर घ्यावं.

गेलेल्या माणसाचं पासबुक भरून आणा आणि ४३६ किंवा २० रुपयांची वर्षातून एकदा झालेली कपात शोधा. ४३६ रुपये म्हणजे जीवन ज्योती विमा, २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना फॉर्मवर सही झालेली असते आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. पैसे कापले गेले असतील तर त्याच शाखेत दाव्याचा फॉर्म मागा.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेची शाखा विचारा. तिथेच विधवा, निराधार आणि दिव्यांगांच्या मासिक अनुदानाचाही अर्ज होतो. मुलांसाठी बाल संगोपन योजना वेगळी: पालक गमावलेल्या मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय.

शेतकरी कुटुंब असेल आणि मृत्यू सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, बुडणं किंवा रस्ता अपघाताने झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. सातबारावर नाव असलेल्याबरोबर कुटुंबातली आणखी एक व्यक्ती त्यात धरली जाते. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. साप चावून माणूस गेला की “आता चिरफाड कशाला” म्हणून शवविच्छेदन टाळलं जातं. मनाला ते कितीही जड वाटलं, तरी शवविच्छेदन आणि पोलिसांचा पंचनामा करून घ्या; त्यांच्याशिवाय हा दावा बहुधा अडकतो.

घर पडलं, पाणी शिरलं

चिखल काढण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर, सगळं. मग तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या आणि त्यात तुमचं नाव, खाते क्रमांक बरोबर आहे ना, हे सही करण्याआधी वाचा. आपत्ती निधीच्या निकषांनुसार मृत्यूला ४ लाख, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात. भाड्याने राहत असाल तरी कपडे आणि भांड्यांच्या नुकसानीची नोंद करायला सांगा.

घरात धान्य नसेल

रेशन दुकानावर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळतं. दुकानदार कमी देत असेल तर १९६७ वर तक्रार होते. दवाखान्याच्या किंवा एसटी स्टँडच्या आसपास शिवभोजन केंद्र आहे का, तेही विचारा. थाळी १० रुपयांना आहे.

“होत नाही” म्हणाले तर

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि पोच घ्या. दाखल्यांसाठी लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार मुदत ठरलेली आहे, ती टळली की वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. एजंट “साहेबांना द्यावे लागतात” म्हणून पैसे मागेल. या योजनांचे अर्ज करायला एजंट लागत नाही. प्रकरण अडलंच, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुलं, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.