इमॅक्सच्या खिडक्या जागा बदलतात? या चुका टाळा

मी कोड इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो. त्याच्या चौकटीतल्या प्रत्येक भागाला खिडकी म्हणतात. फोंड्याला घरी लॅपटॉपवर कम्पाइल केलं की निकालाची खिडकी कोडच्या खाली उघडायची. पणजीला ऑफिसात मोठा मॉनिटर जोडला की तीच उजवीकडे. कॉन्फिग (माझ्या सेटिंगची फाइल) तीच, कोडची फाइल तीच. मी दोन दिवस एकेक पॅकेज, म्हणजे जोड-प्रोग्राम, काढून बघत बसलो. आधी इमॅक्स कॅपिटल क्यूच्या पर्यायाने, म्हणजे कॉन्फिग आणि पॅकेजांशिवाय कोरा, सुरू करायला हवा होता. तिथेही तेच घडलं असतं आणि पॅकेजांवरचा संशय पाच मिनिटांत फिटला असता.

इमॅक्स जागा मोजून ठरवतो. खिडकीत 80 ओळी मावत असतील तर खाली जागा करतो, नाहीतर 160 कॉलम आहेत का ते पाहून बाजूला. दोन्ही नसेल आणि खिडकी एकटीच असेल, तरी खालीच. लॅपटॉपवर 160 कॉलम मावत नव्हते, मॉनिटरवर मावत होते. बाजूची फोड नकोच असेल तर स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड ही सेटिंग निल, म्हणजे रिकामी, करा.

खिडकी उघडल्यावर ती हुकमधून (ठरावीक घटनेनंतर आपोआप चालणाऱ्या कोडमधून), टायमर लावून हलवू नका. असा कोड आज चालतो आणि मशीन जरा मंदावलं की फसतो. ती कुठे उघडावी ते आधीच डिस्प्ले-बफर-अलिस्ट या नियमांच्या यादीत लिहा. (बफर म्हणजे इमॅक्सने उघडलेला मजकूर; खिडकी तो दाखवते.) ही सोय 2012 च्या 24.1 पासून आहे. फक्त स्विच-टू-बफर ही कमांड हे नियम आपणहून पाळत नाही, म्हणून स्वतःच्या कोडमध्ये पॉप-टू-बफर वापरा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळीच. म्हापशाची एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. तिने लॉग, म्हणजे प्रोग्रामची वाढत जाणारी नोंद, दाखवणारं छोटं पॅकेज लिहिलं होतं. त्यात कर्सर हलवायला गोटो-चार हे फंक्शन होतं. “सर, गोटो-चार तर शेवटी नेतंय, मग लॉग खाली का सरकत नाही?” मी तिला कर्सर लॉगच्या खिडकीत ठेवून बघायला सांगितलं. सरकला! कोडच्या खिडकीत परतली की पुन्हा थांबला.

तिथेच उत्तर आहे. बफरचा पॉइंट (कर्सरची जागा) एक, आणि तो बफर दाखवणाऱ्या प्रत्येक खिडकीचा पॉइंट वेगळा. विथ-करंट-बफरमध्ये, म्हणजे बफर तात्पुरता निवडून, गोटो-चार केलं तर बफरचा पॉइंट हलतो. जी खिडकी निवडलेली नाही ती होती तिथेच राहते. तिला सेट-विंडो-पॉइंटनेच हलवावं लागतं. एकच बफर दोन ठिकाणी उघडा असू शकतो, म्हणून गेट-बफर-विंडो-लिस्टने सगळ्या खिडक्या घ्या आणि शेवटच्या आर्ग्युमेंटला टी (म्हणजे ‘हो’) द्या. नाहीतर शोध चालू फ्रेमपुरताच, म्हणजे इमॅक्सच्या एका चौकटीपुरताच, होतो आणि दुसऱ्या मॉनिटरवरचा लॉग अडकूनच राहतो. तिने तीन ओळी बदलल्या आणि दोन्ही लॉग एकदम खाली आले.

चौकटीच्या कडेला राखून ठेवलेल्या खिडकीत, म्हणजे साइड विंडोमध्ये, कर्सर असताना कंट्रोल-एक्स 1 (बाकीच्या खिडक्या बंद करणारी कमांड) दाबलं तर एरर येते. तो बिघाड नाही, साइड विंडो एकटी राहू शकत नाही. ती लपवायला विंडो-टॉगल-साइड-विंडोज आहे. आणि प्रयोग करण्याआधी विनर-मोड चालू करून ठेवा: मांडणी विस्कटली तर कंट्रोल-सी आणि डावा बाण दाबला की आधीची परत येते.