शेतीमुळे होणाऱ्या जलप्रदूषणाचे अर्थशास्त्र : नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

प्रदूषण करणाऱ्याने त्याची किंमत मोजावी, हे अर्थशास्त्रज्ञ पिगूचे तत्त्व पदवीच्या वर्गातच शिकवले जाते. कारखान्याला ते लावता येते, कारण सांडपाणी जिथून बाहेर पडते तिथे नमुना घेता येतो. खतातल्या नत्रापासून तयार होऊन शेतातून झिरपणारे नायट्रेट मात्र कोणत्या बांधावरून विहिरीत उतरले, हे सांगता येत नाही. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात अर्थशास्त्र शिकताना याच अडचणीने मला या विषयाकडे ओढले आणि आजही सर्वांत मोलाचा प्रश्न मला हाच वाटतो.

अर्थशास्त्रज्ञ कॅथलीन सेगरसन यांनी १९८८ सालच्या एका निबंधात त्यावर उपाय मांडला : प्रत्येक शेताचे मोजमाप न करता जलाशयातील प्रदूषणाची पातळी मोजावी आणि ती ठरवलेल्या मर्यादेहून जितकी जास्त किंवा कमी असेल, त्यानुसार परिसरातील सर्वांवर कर आकारावा किंवा त्यांना अनुदान द्यावे. हा निबंध सुरुवातीलाच वाचावा आणि वाचताना आपल्याकडील अल्पभूधारक डोळ्यांसमोर ठेवावा. एका नदीखोऱ्यात हजारो शेतकरी असताना एकाने खत कमी केल्याने पातळीत फरक दिसत नाही, आणि शेजाऱ्याच्या खतापायी आपल्याला दंड का, या त्याच्या प्रश्नाला न्याय्य उत्तर देणे कठीण जाते.

म्हणून आपल्याकडे खताच्या किमतीपासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते. २०१० पासून स्फुरद आणि पालाशयुक्त खतांना पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान लागू झाले, युरिया हे नत्रयुक्त खत मात्र त्याबाहेर राहिले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत, कडुनिंबाच्या लेपनाचा खर्च आणि कर वगळता, २४२ रुपयांवर बांधलेली आहे. इतक्या स्वस्त नत्राचा जादा हप्ता देणे शेतकऱ्याच्या हिशेबात शहाणपणाचेच ठरते. त्याला अडाणी ठरवणारे संशोधन मला मनापासून खटकते.

थोडे मृदाशास्त्रही अवश्य शिकावे. नायट्रेट पाण्यात विरघळून खाली झिरपते, तर स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून धुपेबरोबर वाहून जाते. त्यामुळे पहिल्यासाठी हप्ते विभागून देणे आणि ठिबक, तर दुसऱ्यासाठी बांधबंदिस्ती, असे वेगळे खर्च समोर येतात आणि एकाच योजनेच्या पैशातून दोन्ही साधतील, हे गृहीत धरता येत नाही.

मुंबईत राहून हा अभ्यास उत्तम होतो. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील नाबार्डचे मुख्यालय याच शहरात आहे. अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र, पक्की असेल, तर धोरण संशोधनात काम मिळण्याची शक्यता वाढते. प्रबंधासाठी केंद्रीय भूजल मंडळाची आकडेवारी घेताना नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा तर तपासावीच, पण नमुना पावसाळ्यापूर्वीचा आहे की नंतरचा, हेही पाहावे. खताचा वापर घटल्यावरही भूजलातील नायट्रेट उतरायला अनेक वर्षे लागू शकतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून एखादी योजना फसली असा निष्कर्ष काढू नये.