ऑस्ट्रिया-ऑटोमन मिक्स फ्रँकिंगची कव्हर्स कशी पारखायची
एकाच पाकिटावर (संग्राहक त्याला कव्हर म्हणतात) ऑस्ट्रियाचं आणि ऑटोमन तुर्कस्तानचं तिकीट दिसलं, म्हणजे मिक्स फ्रँकिंग, की सगळे आधी तिकिटंच बघत बसतात, पण आधी पत्ता वाचा आणि पत्र निघालं कुठून ते शोधा, बाकी सगळं त्यावरच ठरतं.

ऑटोमन सरकारने 1863 मध्ये पहिली तिकिटं काढली, तुघरावाली (म्हणजे सुलतानाच्या सहीच्या चिन्हाची), पातळ कागदावरची, छिद्रं नसलेली. ती चालायची फक्त त्यांच्या हद्दीत. परदेशी टपाल न्यायला कॉन्स्टँटिनोपल, स्मिर्ना, बैरूत, सलोनिका अशा ठिकाणी ऑस्ट्रियाची स्वतःची पोस्ट ऑफिसं होती, आणि बऱ्याच बंदरांत ऑस्ट्रियन लॉइड या बोट कंपनीचे एजंटच ते काम बघायचे. म्हणजे आतल्या गावातून व्हिएन्नाला लिहायचं तर बंदरापर्यंत ऑटोमन तिकीट, पुढे ऑस्ट्रियन. जुलै 1875 पासून बर्नचा टपाल करार लागू झाला, ऑटोमनही त्यात होते, आणि मग दोन तिकिटांची गरजच उरली नाही. त्यामुळे 1863 ते 1875 मधलं कव्हर शोधा, आणि त्यानंतरचं असेल तर दोन तिकिटं लावलीच का याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे काढू नका.

आता चलन बघा, मला हा भाग फार आवडतो. लेव्हांटमधल्या (म्हणजे पूर्व भूमध्य भागातल्या) ऑस्ट्रियन ऑफिसांत सोल्दी या नाण्यातली तिकिटं चालायची, आधी लोंबार्डी-व्हेनिशिया या ऑस्ट्रियाच्या इटलीतल्या प्रांताची आणि 1867 पासून सम्राट फ्रान्झ जोसेफच्या चेहऱ्याची वेगळी. तिथून निघालेल्या पत्रावर क्रॉयझर, म्हणजे खुद्द ऑस्ट्रियातल्या नाण्यातली तिकिटं, दिसले तर सावध व्हा. ऑस्ट्रियातून आत येणाऱ्या पत्रावर मात्र क्रॉयझर बरोबरच, आणि पुढच्या अंतर्गत प्रवासासाठी कधी कधी ऑटोमन पोस्टेज ड्यू (घेणाऱ्याकडून पैसे वसूल करायचं तिकीट) लागलेलं असतं, असं सापडलं तर सोडू नका! भिंगातून सम्राटाची दाढी पण बघा, आधीची छपाई जाड-भरड आहे आणि 1870 च्या दशकातली नंतरची बारीक रेघांची, त्यामुळे तारीख 1869 ची आणि दाढी बारीक असेल तर गडबड आहे.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती खऱ्या ऑस्ट्रियन पत्रावर नंतर चिकटवलेल्या स्वस्त ऑटोमन तिकिटाने. 1865 पासूनची चंद्रकोरवाली तिकिटं सुटी ढिगाने मिळतात. म्हणून शिक्का तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर सलग उतरलाय का, शाई दोन्हीकडे सारखी आहे का, हे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पण तपासा. सुरुवातीच्या अरबी लिपीतल्या शिक्क्यांवर बऱ्याचदा तारीख नसते, मग ऑस्ट्रियन शिक्का, मागचा पोचल्याचा शिक्का आणि आतल्या पत्रावरची तारीख असा क्रम जुळवायचा.

महाग कव्हर या विषयातल्या तज्ज्ञाच्या सर्टिफिकेटशिवाय घेऊ नकाच. कोपरा फाटलेलं पण मार्ग स्पष्ट असलेलं कव्हर मी देखण्या पण न जुळणाऱ्या कव्हरच्या आधी घेईन. घरी आणल्यावर धुणं, तिकीट उचलून बघणं, घडी परत परत उघडणं काही करू नका, आम्लमुक्त कागदाचा आधार देऊन पीव्हीसी नसलेल्या स्लीव्हमध्ये ठेवा.